मामांची कोरडी बोट

नातेवाइकांच्या घरी गेल्यावर माणसानं चहा प्यावा, बिस्किट एकच घ्यावं, तब्येतीची चौकशी करावी आणि निघावं. 'ठेवा की आमच्याकडे' हे वाक्य मात्र जिभेवर येऊ देऊ नये. मी ते बोललो. बरं, बोललो ते शिलाई मशीनबद्दल किंवा जुन्या कपाटाबद्दल असतं तर एक वेळ चाललं असतं. मी बोललो शिडाच्या बोटीबद्दल.

बोट मामांची. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, पंपांच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. घरामागच्या अंगणात त्यांनी ही बोट स्वतःच्या हातानं बांधली. बांधून झाल्यावर तिच्यासाठी दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. का, तर मोटारीच्या मागं जोडली की कुठंही नेता यावी. नेली कुठंच नाही. त्या बोटीनं तोवर पाणी पाहिलं ते पुसायच्या फडक्यातलं. दर वर्षी मामा तिला वॉर्निशचा एक हात द्यायचे. वॉर्निश पक्कं वाळल्याशिवाय पाण्यात घालायची नाही, असा त्यांचा नियम, आणि ते पक्कं वाळेपर्यंत पुढचा हात द्यायची वेळ व्हायची. बोटीवर चादर, चादरीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर ताडपत्री. शीड तर दुकानातून आलं त्या पिशवीत तसंच्या तसं. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या, "एवढी पांघरुणं मला कधी घातली नाहीत यांनी."

या गोष्टीला मी हसायचो, पण खरं सांगायचं तर हे आमच्या रक्तातच आहे. आमच्या टीव्हीच्या रिमोटला अजून प्लास्टिक आहे. सोनेरी काठाच्या कपबशा कपाटात वरच्या फळीवर होत्या, त्या खास पाहुण्यांसाठी. पाहुणे यायचे, पण आले की बायको म्हणायची, "यांच्यासाठी कशाला, हे तर घरचेच." त्यामुळं त्या कपांच्या लायकीचा पाहुणा आमच्याकडे तोवर यायचाच होता.

तर मामांनी घर विकलं. महिनाअखेरीला त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार होती. ताईच्या गावात पाणी म्हणून जे आहे ते नळाला येतं. सामानाची वाटणी करायला सगळे जमलो होतो आणि एकमतानं ठरत होतं की बोट भंगारवाल्याला द्यायची. मामा नुसते उठले, खिडकीतून हात बाहेर घालून ताडपत्रीचं दुमडलेलं टोक सरळ केलं आणि परत येऊन बसले. ते बघितलं आणि मी ते वाक्य बोललो.

"तुझ्याकडे राहील?" मामांनी विचारलं.

"राहील की. न राहायला काय झालं?"

"मग मी जायच्या आधी एकदा पाण्यात घालू तिला. एकदा बसायचंय रे मला तिच्यात पाण्यावर. कोरड्यावर पुष्कळ बसलो."

टेबलाखाली बायकोचा पाय माझ्या पायावर पडला, पण तीर सुटला होता. घरी येताना ती चौकात म्हणाली, "कुठं ठेवणार?"

"बघू."

"बघू म्हणजे कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढचा महिनाभर देता आलं नाही.

आधी मी गोदामं पाहिली. गोदामवाल्यानं जे भाडं सांगितलं त्यात बोटीसकट आम्ही दोघं हॉटेलात राहिलो असतो. मग एक गॅरेजवाला तयार झाला, अगदी कमी पैशात. दुसऱ्या दिवशी मामा बघायला गेले, तर बोटीत चार मेकॅनिक मांडी घालून डबे खात बसलेले. मामांना घाम फुटला. डब्यांचं त्यांना काही नव्हतं, पण बूट कुणी काढले नव्हते. बोट त्याच संध्याकाळी गॅरेजमधून निघाली आणि आमच्या इमारतीच्या आवारात आली.

इथं आमच्या सेक्रेटरींची ओळख करून द्यायला हवी. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. त्यांचा जगात एकच शत्रू, अडगळ. जिन्यात चप्पल आडवी दिसली की ती सरळ करणार. वाटेत दगड, खिळा, काडी, काहीही पडलेलं दिसलं की उचलून कडेला ठेवणार. गप्पा मारता मारताही त्यांचा हात वाकून काहीतरी उचलत असतो, आणि आपण काय उचललं हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. असा माणूस सकाळी फिरायला म्हणून खाली उतरला आणि समोर बोट.

"हे काय आहे?"

"बोट."

"ते दिसतंय मला. कुठल्या सदरात?"

आमच्या सोसायटीच्या नियमांत आवारात ठेवायच्या वस्तूंची तीन सदरं आहेत. पहिलं सदर वाहन. दर घरामागे एक, आणि आमचं एक आधीच आहे. ते अधूनमधून चालतंही. दुसरं सदर अडगळ. तिला सक्त मनाई. तिसरं सदर कुंड्या आणि शोभेच्या वस्तू. त्या भिंतीकडेला कितीही ठेवा, भाडं नाही.

"वाहन म्हणावं तर जागा नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मग अडगळच झाली."

मामांच्या बोटीला अडगळ म्हटल्यावर मला राग आला. मी म्हणालो, "साहेब, हाताची कारागिरी आहे ही." तोवर आवारात माणसं गोळा झाली होती. फुकट सल्ला द्यायला मिळतोय म्हटल्यावर आमच्या इमारतीत लिफ्टचीही वाट कुणी बघत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, "उलटी करून ठेवा, खाली दोन स्कूटर मावतील." तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, "मधे पडदा लावा, पोरांना अभ्यासाला खोली होईल." कुणीतरी म्हणालं, "विकून टाका." मी म्हटलं, "घ्या तुम्ही." ते म्हणाले, "मला काय करायचीय?" दहा तोंडं आणि अकरा मतं, आणि त्यातलं एकही मत ट्रेलरला हात लावायचं नव्हतं.

वाट काढली ती बायकोनं. ती संध्याकाळी कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेली आणि लिंबाचं एक रोप कुंडीसकट घेऊन आली. ते तिनं बोटीच्या पुढच्या टोकाला मधोमध ठेवलं आणि सेक्रेटरींना हाक मारली.

"हे बघा भाऊसाहेब. आता ही कुंडी."

"ही? एवढी?"

"कुंडी केवढी असावी असं कुठं लिहिलंय?"

सेक्रेटरी नियमांपुढं हतबल होणारा माणूस. त्यांनी बराच वेळ बोटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाड एवढंसं आणि कुंडी एवढी. प्रमाण बसत नाही वहिनी. महिनाअखेरपर्यंत ठेवा. पुढचं नंतर बघू."

म्हणजे मामांना जायचं होतं महिनाअखेरीला, आणि बोटीलाही. मामांना कुंडीचं कळलं तेव्हा ते लगबगीनं आले आणि बोटीत माती आली म्हणून हातपायच गाळून बसले. मग त्यांनी कुंडीखाली बशी ठेवली, बशीखाली वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली प्लास्टिक.

त्यानंतर मामा रोज सकाळी यायला लागले. डोलकाठी उभी करायची, दोऱ्या ओढून बघायच्या, मागं बसून सुकाणू इकडून तिकडे फिरवायचं, पुन्हा सगळं उतरवून पांघरुणं घालायची. वर्षानुवर्षं अंगणात कोरड्यावर हेच केल्यामुळं त्यांचा हात असा बसला होता की बघत राहावं. फक्त डोलकाठीचं टोक पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीसमोर यायचं. पहिल्या दिवशी काकूंनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून डोलकाठीला दोरी बांधली आणि टॉवेल वाळत घातले. तिसऱ्या दिवशी मामांनी डोलकाठी उतरवली तेव्हा टॉवेलही तिच्याबरोबर खाली आले, आणि काकूंनी सेक्रेटरींकडे तक्रार केली की डोलकाठी एका जागी राहत नाही.

इकडे माझी पाण्याची शोधाशोध सुरू होती. तुम्हाला वाटेल पाणी काय, जागोजागी असतं. असतं, पण त्यात बोट घालायला उतार लागतो, आणि जिथं उतार असतो तिथं फाटक असतं.

सर्वांत आधी मी बोटक्लबात गेलो. पांढऱ्या बुटांतल्या मॅनेजरनं मला बसा म्हटलं, प्यायला पाणी दिलं आणि सभासद होण्याची रक्कम सांगितली. ती ऐकून पाणी माझ्या घशात अडकलं. "शिवाय दोन जुन्या सभासदांची शिफारस लागेल," तो म्हणाला. मी कपड्यांच्या दुकानात म्हणतो तसं "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि उठलो. जाताना त्यानं विचारलं, "बोटीचं नाव काय आपल्या?" नाव मामांनी ठेवलंच नव्हतं, कारण नाव रंगवायला ब्रश लावला आणि अक्षर बिघडलं तर काय घ्या. पण हे पांढऱ्या बुटांना कसं सांगणार? मी म्हटलं, "कुंडी." तो म्हणाला, "वा, काहीतरी वेगळं आहे."

मग मी मामांना घेऊन फुकटच्या जागा पाहायला लागलो. नदीकाठी पूर्वी वाळूच्या गाड्या उतरायच्या तो उतार चांगला होता. मामा उकिडवे बसले, पाण्यात हात घालून त्यांनी तळ चाचपला आणि म्हणाले, "खडे आहेत. तळ घासेल." जुन्या खाणीतलं तळं पाहिलं. तिथं खडे नव्हते. मामा म्हणाले, "पाणी गढूळ आहे. वॉर्निश काळं पडेल." एका कारखान्यामागच्या तलावात पाणी अगदी काचेसारखं होतं. मामा बराच वेळ काठावर उभे राहिले. मला वाटलं, जमलं. मग म्हणाले, "ऊन फार लागतंय रे इथं." माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवरी बघायला जाणारा जसा प्रत्येक ठिकाणी काहीतरी खोड काढतो, तसं मामांचं चाललं होतं, आणि असल्या माणसाला मुळात लग्नच करायचं नसतं.

शेवटी उरला गावाबाहेरचा मोठा तलाव. त्याला सिमेंटचा छान रुंद उतार होता, खडा नाही, गढूळ नाही, झाडांची सावलीसुद्धा. फक्त फाटकावर पाटी होती, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही.' मी परवानगी काढायला उद्यान खात्यात गेलो.

"उतार आमचा," उद्यान खात्यातले कारकून म्हणाले. "पण तुम्हाला जायचंय पाण्यात. पाणी आमचं नाही. पाणी खात्यात जा."

पाणी खात्यातल्या बाईंनी चष्मा पुसला आणि मला नीट समजावून सांगितलं. "आमच्याकडे पाण्यातून वस्तू बाहेर काढायची परवानगी मिळते. पाण्यात वस्तू घालायची मिळत नाही."

"मग बाहेर काढायचीच द्या."

"कुठली वस्तू?"

"बोट."

"ती पाण्यात आहे?"

"नाही अजून."

"मग आधी घाला, मग या."

मी परत उद्यान खात्यात गेलो. कारकून तोवर जेवून आले होते, त्यामुळं जरा सैल होते. म्हणाले, "खरं सांगू का, सध्या तुम्हाला दोघांचीही परवानगी लागत नाही. उतार संपतो तिथवर आम्ही. पाणी लागतं तिथून पुढं ते. आणि सध्या पाणी आटलंय, मागं गेलंय. उताराच्या टोकापासून पाण्यापर्यंत नुसता चिखल आहे."

"मग चिखल कुणाचा?"

"चिखल कुणाच्याच खात्यात नाही."

"आणि उतारावर बोट आणायची परवानगी?"

"उतारावर नागरिकांना फिरायची मोकळीक आहेच. बरोबर काय आणायचं ते तुमचं तुम्ही बघा."

फाटकावरच्या पाटीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ती पाटी कुणाची हे आम्हीही शोधतोय."

ताई रविवारी येणार होती. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. आमची गाडी चढावर स्वतःलाच ओढत नाही, तेव्हा नर्सरीवाल्याचा पिकअप ट्रक घेतला. त्याला आपलं लिंबाचं रोप पाण्यात जाताना बघायचं होतं. बायको चहाचा थर्मास आणि रोजचे, कान तुटलेले कप घेऊन आली. काकू आल्या, कारण डोलकाठी चालली म्हणजे नक्की कुठं चालली हे त्यांना बघायचं होतं. आणि सेक्रेटरी आले, बोट खरोखर गेली याची खात्री करायला. मी मुद्दाम ऑफिसचीच पँट घातली होती, कारण मला असं वाटत होतं की आपलं काम काठावरचं आहे.

उतारावर ट्रेलर मागं मागं नेत नर्सरीवाल्यानं टोकाला आणला, चाकांमागं एक भक्कम वीट लावली आणि पिकअप सोडवून बाजूला घेतला. पुढं चिखल, त्याच्यापुढं पाणी. मामांनी डोलकाठी उभी केली. पट्टे सोडले. मग पिशवीतून पायपुसणं काढलं, ते ट्रेलरवर अंथरलं, त्यावर पाय पुसले आणि बोटीत चढले. बोटीच्या पुढच्या टोकाची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. "धरून ठेव. काही झालं तरी सोडू नकोस." माझं काम तेवढंच.

आता फक्त ढकलायचं होतं. मामा बोटीत उभे राहून चिखलाकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, "आज नको."

"मामा?"

"चिखल आहे रे. ट्रेलर वाकडा झाला तर बोट कडेला घासेल. पाणी वर येऊ दे. मी येईन की परत. दोन-चार महिन्यांनी."

खरं म्हणजे मी शांत माणूस आहे. ऑफिसात माझी खुर्ची दुसरा कुणी घेऊन गेला तर मी उभ्यानं काम करतो. पण त्या दिवशी माझा तोल गेला. "मामा, नदीत खडे होते, खाणीत गढूळ होतं, तलावात ऊन होतं, आता इथं चिखल आहे. तुम्हालाच नाही घालायची ती पाण्यात. मग माझ्याकडे कशाला दिलीत? भंगारवाल्यानं तरी हौसेनं नेली असती."

बोललो आणि जीभ चावली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोरीकडे बघायला लागलो. मामा बोटीच्या काठावर बसले. त्यांनी त्या काठावरून हात फिरवला. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की त्यात त्यांचा हात दिसत होता.

"एकदा पाण्यात गेली की ती नवी राहणार नाही रे," ते म्हणाले. "तुझी मामी म्हणायची, चला की एकदा, फेरी मारून येऊ. मी म्हणायचो, थांब, एक हात वॉर्निशचा देऊ आणि मग जाऊ. ती थांबली. मग तिला थांबणं जमेना. आता तिच्यावाचून ही पाण्यात घालायची, तर निदान हिला काही होऊ नये एवढंच वाटतं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नर्सरीवाला दुसरीकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सेक्रेटरी, ज्यांना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं सोसत नाही, ते अस्वस्थ होऊन इकडून तिकडे येरझाऱ्या घालायला लागले. त्यांचं मन मामांच्या बोलण्यात होतं. हात मात्र मोकळा होता. उताराच्या टोकाशी ऐन मधे एक वीट पडलेली त्या हाताला दिसली, आणि त्यानं ती उचलून कडेला ठेवली.

पुढचं सगळं अगदी सावकाश झालं. ट्रेलर हलला. आधी कुणालाच खरं वाटलं नाही. मग तो सिमेंटवरून उतरला, चिखलात शिरला, आणि चिखल इतका पातळ होता की थांबायच्या ऐवजी तो आणखीच भरभर जायला लागला. बोटीत मामा, मामांपुढं लिंबू आणि लिंबाच्या मागून दोरी धरलेला मी. सोडू नकोस असं सांगितलं होतं, म्हणून मी सोडली नाही. बसलेल्या अवस्थेत मी तो सगळा चिखल पार केला. माझ्या ऑफिसच्या पँटची मागची बाजू त्या दिवशी जी गेली ती कायमची.

ट्रेलर पाण्यात गेला, तिरका झाला, आणि बोट त्याच्यावरून घसरत सुटली. सुटताना ट्रेलरच्या लोखंडी कोपऱ्यावरून ती अशी काही घासली की तो आवाज ऐकून काठावरच्या सगळ्यांनी दात आवळले. मग आवाज थांबला. बोट पाण्यावर होती. हलत होती, डुलत होती आणि आत एक थेंबही येत नव्हता.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. "मामा, लागलं का?"

"मला नाही," मामा म्हणाले. "तिला."

ते वाकून बघत होते. बोटीच्या कुशीला पुढून मागपर्यंत पांढरा ओरखडा गेला होता, वॉर्निशचे सगळे हात सोलून लाकडापर्यंत. सेक्रेटरींची नजर विटेवर गेली होती आणि ते पांढरे पडले होते. मामांनी ओरखड्यावरून हाताचा अंगठा फिरवला, एका टोकापासून हात पोचेल तिथवर. मी म्हटलं, आता संपलं. हा माणूस उद्या ताईच्या घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसणार.

मामांनी एक लांब श्वास सोडला. "चला," ते म्हणाले, "झालं एकदाचं."

"काय झालं?"

"अरे, पडला ओरखडा. आता कसली काळजी? चढ वर."

"माझे पाय चिखलाचे आहेत मामा."

"असू देत."

मी चढलो, पायांसकट. मामांनी शिडाची पिशवी मांडीवर घेतली. गाठ सुटेना तेव्हा त्यांनी ती सरळ दातांनी फाडली आणि प्लास्टिक माझ्या अंगावर टाकलं. शीड वर चढलं, घड्या तशाच दिसत होत्या त्यावर. वाऱ्यानं ते फुगलं आणि काठ मागं सरकायला लागला. मामा मागं सुकाणू धरून बसले होते, रोज सकाळी आमच्या आवारात बसायचे अगदी तसेच, फक्त आता खाली पाणी होतं. एकदाच म्हणाले, "तिला आवडलं असतं," आणि बोटीबद्दल बोलत नाहीत हे मला कळलं.

आम्ही पार पलीकडच्या काठापर्यंत गेलो. तिथं वळताना एक दगड लागला आणि पुन्हा आवाज झाला. मामांनी वाकूनही पाहिलं नाही. परत आल्यावर बायकोला बोटीत बसवलं, मग काकूंना, मग नर्सरीवाल्याला. सेक्रेटरी नको नको म्हणत होते. मामांनी त्यांना हात देऊन वर घेतलं आणि विटेचा विषय काढला नाही. कुणीच काढला नाही. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ट्रेलर चिखलातून ओढून काढला, तेव्हा सर्वांत जास्त जोर सेक्रेटरींनी लावला. बोट आवारात परत आल्यावर भिंतीकडेची जागा त्यांनी स्वतः झाडून दिली. "कुंडी म्हणूनच राहू दे," ते म्हणाले. "झाड वाढेल हळूहळू."

दुसऱ्या दिवशी ताई आली. निघण्याआधी मामा आमच्याकडे चहाला आले. बायकोनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या सोनेरी काठाच्या कपबशा काढल्या. मामा म्हणाले, "अगं, मी तर घरचाच." ती म्हणाली, "म्हणूनच." जाताना मामांनी ताडपत्रीची घडी करून ती ताईच्या गाडीत टाकली. बोटीला तिची गरज नाही म्हणाले, ताईच्या गॅलरीत कामाला येईल.

आता दर रविवारी आम्ही बोट तलावावर नेतो, आणि दिवस मावळायच्या सुमाराला मामांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, पाऊसपाणी विचारत नाहीत. एकच प्रश्न असतो. "नवा ओरखडा पडला का?" पडला म्हटलं की कुठं, केवढा, कशानं, सगळं खोदून विचारतात आणि खूश होतात. पडला नाही म्हटलं की मग म्हणतात, "म्हणजे तूही जपून ठेवायला लागलास." आणि फोन ठेवतात.

गेल्या रविवारी काही तलावावर जाणं झालं नाही. सकाळी पाहुणे आले, दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरायला आली होती. मामांना काय सांगायचं? खोटं बोलायला जीभ रेटेना. शेवटी मी खणातला जुना स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि चोरासारखा खाली उतरलो. बोटीच्या कुशीशी बायको आधीच उभी होती, हातात कपाटाची किल्ली घेऊन. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी लाकडाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहिला. तिनं किल्ली टेकवून पाहिली. दोघांचाही हात होईना.

"उजेड आहे अजून," ती म्हणाली.

मी नर्सरीवाल्याला हाक मारली, आणि तिनं वर तोंड करून सेक्रेटरींना सांगितलं, "भाऊसाहेब, जरा खाली या. चाकामागची वीट काढायचीय."